चुंबकाला चिकटलेली चांदी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची सुईदाणी आहे. करंगळीएवढी नळी, वर टोपण, टोपणाला कमरेशी अडकवायची कडी, एवढाच माझा पसारा. मोडीत घातलं तर माझ्यातून एका पायाचं पैंजणसुद्धा पुरं व्हायचं नाही. मग लालासाहेबांसारखा दुनिया फिरलेला माणूस माझ्यामागे का लागला? कारण त्यांचा हिशोब वजनाचा नव्हताच. त्यांना माझ्याकडून नाव मिळवायचं होतं.

लालासाहेब विट्याजवळच्या एका खेड्यातले गलाईवाले. गलाईवाला म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून देणारा. तिकडची कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. लालासाहेबांची उमर कोइमतूरच्या बाजारात गेली. कुणाकुणाच्या आज्यांचे करंडे, अत्तरदाण्या, चुन्याच्या डब्या त्यांच्या मुशीत पडल्या आणि पाणी होऊन गेल्या. धंदा धाकट्या भावावर, नाथाजीवर टाकून ते गावी परतले, आणि मग त्यांना एकाएकी त्याच डब्यांचं प्रेम आलं. खाटकानं म्हातारपणी शेळी लाडानं पाळावी, तसं. जुन्या बाजारातून, सराफांच्या मोडीतून, नात्यागोत्यातून त्यांनी चिमुकल्या चांदीच्या वस्तू गोळा केल्या आणि काचेच्या कपाटात मांडल्या. चैत्रातल्या जत्रेला सगळे गलाईवाले गावी येतात. त्यांच्यासमोर हा सारा खजिना मांडायचा आणि ‘वितळवणारा’ हे नाव पुसून ‘राखणारा’ हे नाव लावून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता.

आता माझं सांगते. मला घडवलं रहिमतपूरच्या एका सोनारानं. आष्ट्यात शिवणकामाचं दुकान असलेल्या पीरमहंमदचे वडील एका सरदाराच्या घोड्यांच्या झुली शिवायचे. एक झूल इतकी साधली की सरदारानं खूश होऊन मला त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांच्याकडून मी सुनेकडे, म्हणजे पीरमहंमदच्या बायकोकडे आले. ती बाई मला कमरेला लावूनच चुलीपाशी बसायची. कामाचे दिवस होते ते, मित्रांनो. माझं टोपण दिवसातून कितीदा निघायचं याची गणतीच नसे. पुढे मशिनी आल्या, मग आष्ट्याच्या पेठेत तयार कपड्यांची दुकानं आली, आणि मी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडले. बाई गेली. तिच्या शेवटच्या सुया माझ्या पोटात तशाच राहिल्या.

पण एक मान माझा कुणी काढून घेतला नव्हता. या घरात लेकीचं लग्न निघालं की तिच्या ओढणीला पहिला टाका माझ्यातल्या सुईनं पडायचा. बाकी सगळं मशिनीवर शिवा, पहिला टाका माझा. त्या वर्षी पीरमहंमदची नात नूरीन हिचं लग्न ठरलं होतं. तिची आई रशीदा हिनं लाल ओढणी आणि तिला लावायचा जरीचा गोटा आणूनही ठेवला होता.

नेमके तेव्हाच लालासाहेब दुकानात उगवले. त्यांना डब्यांसाठी मखमली बटवे शिवून हवे होते. रशीदानं मापाची फीत काढायला पेटी उघडली आणि मी त्यांच्या नजरेला पडले. त्यांनी मला उचललं, तळहातावर तोललं, माझ्या वेलबुट्टीवरून नख फिरवलं. मी तेव्हाच घाबरले. तोलणाऱ्या हाताची सवय म्हातारपणी जात नाही.

विकत मागितली असती तर पीरमहंमदनं दुकानातून हाकललं असतं. पण लालासाहेब माणसं ओळखत होते. ते म्हणाले की वस्तू तुमचीच, मी फक्त जत्रेत मांडणार, आणि खाली चिठ्ठी लावणार, ‘आष्ट्याचे नामांकित कारागीर पीरमहंमद यांच्या घरची’. नामांकित! गेली कैक वर्षं म्हाताऱ्याकडे पायजम्याच्या नाड्या आणि पिशव्यांचे बंद यापलीकडे काम येत नव्हतं. त्या एका शब्दावर त्यानं मला देऊन टाकलं. सुनेला विचारलंही नाही.

लालासाहेबांनी तिथेच टोपण काढलं आणि सुया मेजावर ओतल्या. मांडायची वस्तू रिकामी आणि लख्ख हवी, हा त्यांचा नियम. रशीदा एरवी सासऱ्यापुढे बोलत नसे. ती उठली, एकेक सुई वेचली, परत माझ्यात घातली आणि टोपण दाबून बसवलं.

“रिकामी नका न्हेऊ, काका,” ती म्हणाली. “आमच्या सासूबाईंच्या हातच्या हाईत. आन् लग्नाआधी मला परत पायजे.”

“जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी घरपोच, पोरी,” लालासाहेब हसून म्हणाले.

लालासाहेबांच्या कपाटात मी पोचले तेव्हा तिथल्या डब्या आधी बघून घेतल्या. सगळ्या तेजाबात धुतलेल्या, आरशासारख्या. एकीच्याही पोटात काही नव्हतं. अत्तरदाणीला वास नव्हता, चुन्याच्या डबीत चुन्याचा कण नव्हता. मधोमध एक कुंकवाचा करंडा होता, झाकणावर मोर असलेला. तो लालासाहेबांच्या बायकोचा, हरणाबाईंचा, त्यांच्या आईनं दिलेला. “घरातच तर ऱ्हातोय,” म्हणून लालासाहेबांनी तो देव्हाऱ्यातून उचलला होता आणि आतलं कुंकू मोरीत धुऊन टाकलं होतं. हरणाबाई काचेपाशी झाडायला यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि पुढे जायच्या.

जत्रेत लालासाहेबांच्या मनासारखं झालं. बनारसचे, कटकचे, हैदराबादचे गाववाले सोप्यात येऊन गेले. माझ्या खालची चिठ्ठी कुणी वाचली नाही, पण लालासाहेबांची पाठ पुष्कळांनी थोपटली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना जेवण होतं. पंगतीला सोपा मोकळा हवा, म्हणून हरणाबाईंनी आम्हाला सगळ्यांना एका परातीत काढलं, वर फडकं घातलं आणि परात मागच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या खोलीत घरची छोटी भट्टी होती; नाथाजी गावी आला की गाववाल्यांची मोड तिच्यात गाळायचा.

आता गलाईवाल्याच्या घरातली रीत ऐका. गिऱ्हाइकाची जुनी चांदी परातीत येते, तिच्यावर फडकं असतं, आणि ती भट्टीच्या खोलीत ठेवलेली असते. ती बघून तिथे कुणी काही विचारत नाही. जत्रेसाठी घरी आलेला नाथाजी लालासाहेबांच्या कपाटाकडे कधी नीट बघतही नसे, त्याला तो म्हाताऱ्याचा पोरखेळ वाटे. पंगत उठेपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून त्यानं भट्टी पेटवली.

मित्रांनो, मी परातीच्या तळाशी होते. वरून एकेक जण कमी होत होतं. नाथाजी आधी कात्रीनं तुकडे करायचा, कारण बंद डबीत ओल राहिली तर मुशीत चांदी उसळते. कात्रीचा आवाज, मग मुशीत पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. मोराचं झाकण माझ्या डोळ्यांदेखत दुमडलं. मला वाटलं, ओरडावं. पण सुईदाणीला तोंड असून आवाज नसतो. बाहेर सोप्यात लालासाहेबांचं हसणं ऐकू येत होतं.

माझी पाळी आली. नाथाजीनं टोपण ओढलं, ते निघेना. रशीदानं किती जोर लावून बसवलं होतं! त्यानं हातोडीचा एक ठोका दिला, माझ्या कमरेला पोचा पडला, तरी निघेना. मग रीतीप्रमाणे त्यानं चुंबक जवळ आणला. चांदी चुंबकाला चिकटत नाही. मी टपकन चिकटले. माझ्या पोटातल्या पोलादी सुयांनी उडी घेतली होती.

“खोटी हाय ही,” नाथाजी पुटपुटला, आणि त्यानं मला कोपऱ्यातल्या खोट्या मालाच्या डबड्यात फेकलं. पितळेच्या बिल्ल्यांत आणि लोखंडाच्या किसात. एवढा अपमान माझा आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि एवढा गोडही कधी लागला नव्हता.

संध्याकाळी लालासाहेब परात शोधत आत आले. नाथाजीनं गरम लगड कौतुकानं पुढे केली. लालासाहेबांनी रिकामी परात उचलली आणि नाथाजीला बोल लावायला सुरुवात केली.

“दादा, भट्टीपाशी परातीत चांदी दिसली तर मी काय तिची पूजा करायची व्हय?” नाथाजी रडकुंडीला येऊन म्हणाला. ही रीत लालासाहेबांनीच त्याला शिकवली होती.

मी घरपोच होण्याची वाट बघून रशीदा चौथ्या दिवशी दोन एस.ट्या बदलून स्वतःच आली. तोवर नूरीनच्या ओढणीला घरात कुणी हात लावला नव्हता. डबड्यात पडल्या पडल्या मला तिचा आवाज ऐकू आला आणि माझा जीव आणखीच वरखाली झाला, कारण डबडं भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवलेलं होतं.

लालासाहेबांनी तिला सगळं खरं सांगितलं. खाली मान घालून म्हणाले की तुझ्या सुईदाणीच्या दुप्पट चांदी काढून देतो, तशीच नवी घडवून घे.

“वजन घिऊन काय करू, काका?” रशीदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, फक्त कोरडा झाला होता. “चांदी गेली, जाऊ द्या. निदान सासूबाईंच्या सुया तरी द्या. पोरीला पयला टाका तरी पडंल.”

“सुया?” नाथाजीनं वर बघितलं. “मुशीत सुया कुठं व्हत्या, वैनी?” आणि मग त्याला चुंबकाला चिकटलेली ती ‘खोटी’ वस्तू आठवली. तो उठून दाराकडे धावला आणि त्यानं डबडं अंगणात उपडं केलं.

रशीदानं मला उचललं, कानाशी नेऊन हलवलं. आत खुळखुळलं. तिनं मला पदरात गच्च धरलं.

घरी पीरमहंमदनं तेलाचे थेंब सोडून माझं टोपण काढलं. सुनेकडे न बघता एवढंच म्हणाला, “म्या तुला इचाराया पायजे हुतं, बेटा.” नूरीनच्या ओढणीला पहिला टाका माझ्यातल्याच सुईनं पडला. पोचा मात्र अजून तसाच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर जीव असेल तर तिला पोटात काहीतरी ठेवू द्या, तिच्याकडून थोडं काम घ्या. आणि उचलण्याआधी ती कुणाची आहे ते विचारा. आता शेवटचा हिशोब. नाथाजीनं भावाची बोलणी खाल्ली. पीरमहंमदला ‘नामांकित’ शब्द चार दिवस पुरला. लालासाहेबांना ‘राखणारा’ म्हणवून घेणं एका दुपारपुरतं मिळालं. आता काचेच्या कपाटात ती लगड आहे आणि भोवती रिकामे मखमली बटवे.

आणि हरणाबाई? रशीदा निघाली तेव्हा त्यांनी मला क्षणभर हातात मागून घेतलं होतं. लालासाहेब मागून म्हणाले, “तुझा करंडा घडवून दितो ह्या लगडीतनं, मोरासकट.”

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “ह्यातलं माझं कुठलं, ते दावाल का?”

त्यांनी मला रशीदाच्या हातात दिलं आणि तिच्या कपाळी कुंकू लावायला हात पुढे केला खरा, पण रशीदाच्या घरात कुंकू लावत नाहीत हे आठवून ओटीत फक्त खडीसाखर घातली. कुंकू त्यांच्या हातातल्या डबीतच राहिलं. गोळ्यांची जुनी डबी होती ती, प्लॅस्टिकची, औषधाच्या दुकानातली.