तबकडीत न मावलेलं कडवं

गाण्याची ती जुनी तबकडी दिली तर मेल्वा स्टिडमला वीस डॉलर मिळणार होते, आणि चौतीस वर्षांनी सुटका. वीस डॉलरचं तिला विशेष नव्हतं; अंडी विकून तिचं भागत होतं. सुटकेचा हिशोब मात्र तिने मनात कितीदा तरी मांडला होता.

१९२९ साली या केंटकीच्या खोऱ्यातला डेंझिल गेहार्ट बँजो घेऊन शहरात गेला आणि नदीत बुडून मेलेल्या, खोऱ्यातल्याच ओव्हा नावाच्या तरुणाचं गाणं तबकडीवर गाऊन आला. खोऱ्यात ते आधीपासून सगळ्यांना पाठ होतं. तिसऱ्या कडव्यात ओव्हा भर पावसात मेल्वाचं दार ठोठावतो, ती कडी काढत नाही, तो तसाच नदीत शिरतो. त्या दिवशी मेल्वा घरी नव्हतीच. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. पण खोऱ्यात यमक जुळलं की साक्ष झाली. मागणी घालायला आलेले दोघं फाटकावरूनच परतले. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा कायम रिकामी.

बापाने दुकानातल्या सव्वीस तबकड्या विकत घेऊन गोठ्यामागे फोडल्या. घरी ग्रामोफोन नव्हता, म्हणून एकही न ऐकता. मेल्वाने लपवलेली एक पुढे बहिणीकडे वाजवली, तेव्हा कळलं: तबकडीवर तीनच मिनिटं मावतात, म्हणून कंपनीने नेमकं तिसरं कडवं गाळलेलं. ओव्हा तिच्याशिवाय बुडत होता, तो तेवढ्या एकाच ठिकाणी.

आता डेंझिलच्या तबकड्या हुडकत ओहायोचा पॉल रेडिक तिच्या ओसरीवर आला होता. वाट दाखवायला दुकानदार कॉर्बिट.

"मावशी, डेंझिलच्या बाकीच्या पाच सापडल्या, ही सहावी कुठेच मिळेना. सगळी गाणी मिळून नवी रेकॉर्ड काढतोय, देशभर जाईल."

"आहे तशीच जाईल ना? शब्द जास्तीचा नको."

"आहे तशीच."

तिने उशीच्या अभ्र्यातून तबकडी काढली. त्याने आपल्या यंत्रावर ती ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ओव्हा घरातून निघतो तो एकदम नदीतच?"

"नदी जवळ आहे," मेल्वा म्हणाली.

"इतकीही जवळ नाही गं," कॉर्बिट हसला. "मधे तुझं दार लागतं."

"कॉर्बिट, दुकान उघड जा."

"जातो की. पण हा माणूस एवढ्या लांबून आलाय, त्याला अर्धं गाणं देऊन पाठवायचं?" रेडिकने टेपरेकॉर्डर सुरू केलाच होता. कॉर्बिटने घसा साफ करून तिसरं कडवं म्हटलं, तिचं नाव जरा लांबवूनच.

"पूस ते."

"पुसू कसं, मावशी? रेकॉर्डबरोबरच्या पुस्तिकेत छापायचंय. रेकॉर्ड आहे तशीच निघेल."

"मी घरी नव्हते त्या दिवशी."

"तेही घालतो. खाली, बारीक अक्षरांत."

तिने यंत्रावरची तबकडी उचलून छातीशी धरली. "मग ही मिळायची नाही."

रेडिक खोटं बोलणारा नव्हता. "तुमची मर्जी. मग सहावी सापडली नाही असं लिहीन, आणि तिच्या जागी कॉर्बिटकाकांचं गाणं लावीन."

दिली तर कडवं छापून जाणार. ठेवली तर कडव्याखेरीज काही उरणार नाही. मग तिने तबकडी अभ्र्यात घातली आणि अभ्र्यासकट देऊन टाकली.

रेडिकचे वीस डॉलर गेले, गाणं पुरं मिळालं. कॉर्बिटचं काही गेलं नाही, वर पुस्तिकेत नाव आलं. बाकीचं मेल्वाने भरलं. पुढच्या उन्हाळ्यापासून कुठकुठली पोरंपोरी पुस्तिका घेऊन ते दार बघायला येऊ लागली, आणि ती प्रत्येकाला उठून कडी काढत राहिली.