पॅसेजमधल्या सतरंज्या

मास्टरांच्या घरात एक कायदा होता: उभे पट्टे माणसाला उंच करतात, आडवे पट्टे जाड. चाळीस वर्षं शर्ट शिवताना त्यांनी तो पाळला होता आणि दोन्ही मुलींच्या अंगात भिनवला होता. त्यामुळे धाकटीनं पॅसेजसाठी सतरंज्या घ्यायचं ठरवलं तेव्हा चर्चा अशी झालीच नाही.

"आडव्या पट्ट्यांच्या लगेच देतो," दुकानदार म्हणाला. "उभ्यांना आठ दिवस लागतील."

"उभ्या पट्ट्यांच्याच द्या," धाकटी म्हणाली.

घाई तर होती. मास्टरांना कंपवात होऊन दीड वर्ष झालं होतं. पायांत ताकद होती, पण खोलीच्या दारात आले की पाय जमिनीला खिळायचे. डॉक्टरांच्या मते चालणं बिघडलं नव्हतं, चालण्याची सुरुवात अडत होती. दोनदा दारात पडल्यावर मास्टरांनी बाहेर यायचंच सोडलं. शिलाई मशीन हॉलच्या खिडकीशी, आणि हे खोलीत भिंतीकडे बघत बसलेले. थोरली फोनवर म्हणाली, "अंधाऱ्या घरात कोंडून घातलंयस त्यांना. पंधरा दिवसांनी, रविवारी येते आणि घेऊन जाते." मास्टरांना जायचं नव्हतं. धाकटीलाही त्यांना पाठवायचं नव्हतं. घर जरा उजळलं, पॅसेज बघण्यासारखा झाला, तर बाबा आपण होऊन बाहेर येतील, असा तिचा हिशेब होता.

हॉलमध्ये, बाबांच्या दारातून दिसणार नाहीत अशा, तिनं माळ्यावर पडलेल्या आहेरातल्या दोन जुन्या सतरंज्या धुऊन घातल्या, लाल आणि राखाडी, आडव्या पट्ट्यांच्या. पॅसेजमध्ये नव्या निळ्या-पांढऱ्या अंथरल्या. अकरा फुटांचा पॅसेज खरंच देखणा झाला. मास्टरांनी दारातून पाहिला, "फिटिंग छान बसलंय," म्हणाले, पाय उचलायला गेले आणि खिळले. ती हात धरून त्यांना परत खुर्चीत बसवून आली.

गुरुवारी सकाळी तिच्या हातून चहाची किटली कलंडली आणि दोन्ही निळ्या सतरंज्यांची वाट लागली. त्या भिजत घालून तिनं हॉलमधल्या सतरंज्या उचलून तात्पुरत्या पॅसेजमध्ये टाकल्या आणि स्वयंपाकघरात गेली.

"आडवा पट्टा? माझ्या घरात? कुणी टाकला हा?"

आवाज जवळून आला. ती वळली तर मास्टर पॅसेजच्या या टोकाला, तिच्यासमोर उभे.

"बाबा, तुम्ही आलात कसे?"

"चालत आलो. आधी हे उचल. पॅसेज ढेरी सुटल्यासारखा दिसतोय."

धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. एका नमुन्यावरून निकाल द्यायची तिला सवय नव्हती. बाबा पट्ट्यांमुळे चालले की रागामुळे?

"परत जाऊन पुन्हा या बरं. न रागावता."

"मी काय तुझा उंदीर आहे?"

पण ते गेले आणि आले. दर पट्ट्यावरून पाय उचलत, नाला ओलांडल्यासारखे. शुक्रवारी तिनं पाच वेळा सतरंज्या काढल्या, पाच वेळा टाकल्या. नुसत्या फरशीवर पाचही वेळा पाय खिळले, आडव्या पट्ट्यांवर एकदाच. सुकलेली निळी अंथरून पाहिली; उभ्या पट्ट्यांचा काडीचा उपयोग नव्हता. पाय उचलायला त्यांना समोर ओलांडण्यासारखं काही आडवं लागत होतं. मग तिनं लाल-राखाडी सतरंज्यांच्या कडा रुंद चिकटपट्टीनं फरशीला पक्क्या केल्या, म्हणजे पायात यायला नकोत.

रविवारी थोरली रिकामी बॅग घेऊन आली आणि पॅसेजमध्येच थबकली.

"आडवे? बाबांनी चालवून घेतलं?"

"त्यांच्यावर मी चालतो, म्हणून चालवून घेतले," आतून मास्टर म्हणाले आणि बाहेर आले. दारात क्षणभर अडखळले, खाली पट्ट्याकडे पाहिलं, पाय उचलला. सावकाश हॉलपर्यंत जाऊन ते मशीनसमोर बसले. थोरलीनं दोन्ही हात पुढे धरले होते, ते तसेच राहिले.

"हे ठीक आहे," ते खाली घेत ती म्हणाली. "पण बाथरूमचं काय? म्हातारी माणसं पडतात ती तिथंच. ओल्यात सतरंजी टाकणार आहेस?"

याचा विचार धाकटीनं केला नव्हता. तिनं तसं सांगितलं.

थोरलीनं बाबांच्या खोलीत जाऊन बाथरूमच्या दारापासून आतल्या आधाराच्या दांडीपर्यंत नजर टाकली. फरशी पांढरी, कोरी. "ती चिकटपट्टी पाण्यात टिकते?"

"टिकते. रंगीत आहे आणि खरखरीतही."

"आण मग. अंतर किती ठेवायचं?"

"चौदा इंच. त्यांचं पाऊल तेवढंच पडतं, मी मोजलंय."

थोरलीनं बॅग दाराबाहेर सरकवली, ओढणी कमरेला खोचली आणि गुडघ्यांवर बसून पहिली पट्टी फाडली.

"आडवी म्हणजे आडवी लाव," हॉलमधून मास्टर ओरडले. "तिरकी गेली तर सगळी उसवायला लावीन."