माझ्या पोटातले व्हार्निश

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मला झाकण नाही, कुलूप नाही, आणि माझ्यात कधी कोणी दागिने किंवा ठेवणीतले कपडे ठेवले नाहीत. सध्या मी शहरातल्या एका चॉकलेटच्या दुकानात दर्शनी काचेमागे, दोन दिव्यांखाली, पोटात चॉकलेटे घेऊन बसलेली असते. माझ्या शेजारच्या भिंतीवर तुम्हाला स्क्रूची दोन भोके दिसतील. तिथे एक पाटी होती. ती का लावली आणि का काढली, हे दुकानात कोणी सांगत नाही. म्हणून मित्रांनो, मीच सांगते. मधेच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या, कारण मला अजून राग येतो.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. फणसाच्या जाड फळ्या, आणि एकही खिळा नाही. सगळ्या लाकडी खुंट्या. मला बनवणारा सुतार म्हणायचा, "हिच्यात आंबट रस राहणार. लोखंड घातलं तर सगळं काळं करून ठेवील." त्याने माझ्या तळाला रस निथळायला भोके पाडली आणि मला कोकोच्या बागांमधल्या एका शेडमध्ये आणून ठेवले.

कोकोचे फळ फोडले की आत पांढऱ्या गरात लपेटलेल्या बिया असतात. त्या तशाच वाळवल्या तर कडू-तुरट राहतात. त्या आधी आंबवाव्या लागतात, आणि ते माझे काम. माझ्यात बिया भरायच्या, वर केळीची पाने आणि गोणपाट घालायचे आणि थांबायचे. ढीग आतून तापू लागतो. आधी पिकल्या फळांचा वास येतो, मग दारूचा, मग शिरक्याचा, व्हिनेगरसारखा आंबट. दारूच्या वासाच्या दिवशी शेडभोवती उगाच घुटमळणारे काही सज्जनही मी पाहिले आहेत. त्यांची निराशा होई.

त्या भागात बागा लहान लहान. एका घरच्या बिया मूठभर, आणि थोड्या बियांचा ढीग तापतच नाही. म्हणून सगळी घरे एकाच दिवशी फळे फोडून आपापल्या बिया माझ्यात ओतत. कोणाची बी कुठली हे मग मलाही कळत नसे. एकमेकांवर भरवसा असल्याशिवाय हे काम होत नाही, आणि हे मी पुढे जे सांगणार आहे त्यासाठी लक्षात ठेवा.

शेडचा कारभार आत्याकडे होता. ती बागवाल्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची सख्खी आत्या, आणि त्याच्यामुळे सगळ्यांचीच आत्या झाली. ती कोपरापर्यंत हात ढिगात घालून ऊब बघायची, लाकडी फावड्याने बिया वरखाली करायची आणि माझ्याशी बोलायची. पहिल्या हंगामात माझ्यातून निघालेल्या बिया जेमतेम बऱ्या होत्या. पण रस फळ्यांत मुरत गेला, डोळ्यांना न दिसणारे आंबवणारे जीव माझ्या रेषारेषांत राहायला आले, आणि मी काळी, कळकट, वासाची होत गेले. आत्या मला कधी घासून धूत नसे. "कळकट नाही गं, मुरलेली आहेस तू," ती म्हणायची.

माझ्या बियांची कीर्ती शहरातल्या एका चॉकलेट कंपनीपर्यंत गेली. तिचा बिया निवडणारा माणूस येऊ लागला. तो बी कापायचा, डोळे मिटायचा आणि असा हुंगायचा की लोकांनी त्याचे नावच नाकसाहेब ठेवले. त्याचे नाक खरेच तयार होते. कोणत्या आठवड्यात पाऊस झाला होता तेही तो वासावरून ओळखायचा. तो एकदा मला थोपटून म्हणाला, "अशी चव दुसरीकडे मिळत नाही." मी आठवडाभर फुगून होते.

पुढे शेडमध्ये एक नवी बाई येऊ लागली. तिच्या नवऱ्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज होते, म्हणून ती गॅरेजवाली. पडीक झालेली सासऱ्याची बाग तिने छाटून, खत घालून पुन्हा फळाला आणली होती. तिची पहिली टोपली माझ्यात पडली तेव्हा ती काठाशी किती वेळ उभी राहून बघत होती. "आता आपलीपण यात आहेत हो," ती आत्याला म्हणाली. आत्या म्हणाली, "आहेत ना. आता सगळ्यांचं एकच."

आणि मग सेक्रेटरीच्या अंगात आले.

कंपनीचे परदेशी पाहुणे शेड बघायला येणार होते. आत्या तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. सेक्रेटरीने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "पाहुण्यांसमोर हे ध्यान? नाक कापलं जाईल आपलं." त्याने रंगारी बोलावला. मला साबणाने, ब्रशने खरवडून काढले. मग चकचकीत व्हार्निशचा हात. रंगाऱ्याने बिचाऱ्याने विचारलेही, "साहेब, आतूनही लावायचं का?"

"लाव की. अर्धवट काम मला चालत नाही."

मित्रांनो, तुमच्या पोटाला आतून कोणी व्हार्निश लावले तर तुम्ही काय कराल? तुम्ही ओरडाल तरी. मला तीही सोय नव्हती. पाहुणे आले, माझ्यावरून हात फिरवून 'किती सुंदर' म्हणाले, फोटो काढून गेले. त्यांची पाठ वळली तसा फळे फोडायचा दिवस उजाडला, आणि त्या उग्र वासातच सगळ्या घरांच्या बिया माझ्यात ओतल्या गेल्या.

आत्या परत आली तेव्हा मी भरलेली होते. तिने दारातच नाक मुरडले. "हा कसला वास रे?"

"बाहेरून जरा चकाकी दिली, आत्या. आतून बोटसुद्धा लावलं नाही."

आत्याने भाच्याचे ऐकले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय?

नाकसाहेब आला. त्याने वाळलेली बी कापली, हुंगली आणि मान मागे घेतली. "तेलाचा वास आहे. पेट्रोल, रॉकेल, असंच काहीतरी. कोणाच्या तरी घरातून आलाय. हा माल कंपनी घेणार नाही."

शेडमधल्या सगळ्या माना गॅरेजवालीकडे वळल्या. सर्वांत आधी कोणाची वळली असेल? सेक्रेटरीची! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

गॅरेजवाली म्हणाली, "माझ्या बिया घरात येतच नाहीत. झाडाखाली फळ फोडते नि तशीच टोपली इथे आणते. गॅरेज रस्त्याच्या पलीकडे आहे." मग तिने दोन्ही हात पुढे केले. "हात हुंगा माझे, साहेब. तुम्हाला कळेल."

नाकसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाला, "आता त्याचा काय उपयोग?"

एवढे तयार नाक, आणि जिथे लावायचे तिथे लावले नाही. सभा झाली. आत्या एकटी म्हणाली की पुराव्याशिवाय कोणाला काढू नका. बाकी सगळे मूग गिळून बसले. गॅरेजवालीची टोपली बंद झाली. तिच्या एकटीच्या बिया तापणार कशा? त्या तिने रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला न आंबवताच विकल्या. तो बऱ्यावाईट सगळ्या एकाच पोत्यात टाकायचा. आणि बाजारात बाया तिच्या मागे कुजबुजायच्या, 'तिच्यामुळे सगळ्यांचा माल परत आला.'

पुढची खोडी तर माझ्याच अंगाने केली. आंबट रस व्हार्निश खात गेला, तसतसा दर खेपेला वास कमी होत गेला. लोक म्हणाले, "बघा, ती गेली नि वासही गेला!" कावळा बसायला आणि फांदी तुटायला! मी माझ्या सगळ्या खुंट्या करकरवल्या. लोक म्हणाले, पेटी जुनी झाली.

वास गेला, पण माझी मुरलेली चव काही परत आली नाही. माझ्या जागी नवी पेटी आली. कंपनी मला शोभेसाठी इथे घेऊन आली. पुन्हा घासले, दिवे लावले, आणि शेजारी पाटी ठोकली: 'एका शेतकऱ्याच्या निष्काळजीपणामुळे या पेटीतील बिया नासल्या. आमच्या तज्ज्ञांनी शिस्त लावली आणि चव परत आली.' नाव नव्हते. पण बागांमध्ये कोणाला नाव सांगायची गरज होती?

दुकानाच्या वाढदिवसाला बागांमधल्या लोकांना बोलावणे गेले. कंपनीला फोटोत आत्या हवी होती. आत्या म्हणाली, "गॅरेजवाली येणार असेल तर येते." त्यामुळे गॅरेजवालीही आली, मागे, दाराजवळ उभी राहिली. नाकसाहेब पाहुण्यांना पाटीवरची गोष्ट हसत हसत सांगू लागला. गॅरेजवालीने मान खाली घातली नाही. ती सरळ सेक्रेटरीकडे बघत राहिली. सेक्रेटरी छताकडे बघत राहिला, करून सवरून नामानिराळा.

आत्या मात्र माझ्याजवळ आली. सवयीने तिने कोपरापर्यंत हात माझ्यात घातला, चॉकलेटे बाजूला सारून. आणि थबकली. शेडच्या अंधारात जे कधी दिसले नव्हते ते दुकानाच्या दिव्यांत दिसले. माझ्या आतल्या कोपऱ्यात, जिथे रस पोचत नसे तिथे, व्हार्निश चकाकत होते.

"अरे," ती भाच्याला म्हणाली, "आतून बोटसुद्धा लावलं नव्हतंस ना?"

सेक्रेटरी एक पाऊल मागे सरला. "पाहुण्यांसाठी गं... मला काय माहीत असं होईल..."

"होईल हे माहीत नव्हतं, कबूल. पण झाल्यावर तर माहीत होतं!"

तिने नखाने एक पापुद्रा खरवडला, बोटांत चुरडला आणि नाकसाहेबासमोर धरला. "घ्या. तुमचं नाक, तुम्हीच सांगा."

नाकसाहेबाने डोळे मिटून हुंगले. एकदाच. मग त्याने डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याचे नाक खोटे बोलायला शिकले नव्हते, एवढे मी त्याच्या बाजूने म्हणेन. "हाच," तो म्हणाला. "हाच वास होता." तो वळून दाराजवळ गेला. "बाई, माझं चुकलं. मी तुमच्या बियांवर उगाच आळ घेतला."

"बियांवर नाही, साहेब. माझ्यावर," गॅरेजवाली म्हणाली. "त्या दिवशी मी हात पुढे केले होते. तेवढे हुंगले असतेत तर?"

नाकसाहेबाने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. आत्याने गॅरेजवालीला टोपली घेऊन यायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "येईन. पण आधी सेक्रेटरी बाजाराच्या दिवशी माझ्या दारात येतील आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतील." सेक्रेटरी गेला म्हणे. पहिल्यांदा नुसता पुटपुटला, म्हणून दोनदा सांगावे लागले. आता तिच्या बिया नव्या पेटीत तापतात. मी मात्र इथेच. एकदा आत गेलेले व्हार्निश पुरते निघत नाही.

तर मित्रांनो, एखादी कळकट वस्तू दिसली तर चकचकीत करण्याआधी तिच्याशी रोज काम करणाऱ्याला विचारा. आणि काही बिघडले की बोट दाखवायची घाई करू नका. नव्याने आलेला माणूस सगळ्यांत एकटा उभा असतो, म्हणून बोट त्याच्याकडेच जाते. त्याने हात पुढे केले तर हुंगा. त्याआधी आपले हुंगा.