तिवरांचं नैसर्गिक मरण

सकाळी मालन कोपरीच्या खाडीत चिंबोऱ्या धरायला उतरली, तर पायाखालचा चिखल भाकरीसारखा कडक झालेला. खारफुटीची तिवरं पिवळी पडलेली. भरतीचं पाणी आत यायचा मार्गच बंद झाला होता. तिच्या मुलाने, जयेशने, तिथे राडारोड्याचा बांध घातला होता. त्यासाठी लागणारा डंपर बिल्डरने त्याला प्रेमाने घेऊन दिला होता.

घरी येऊन तिने पाटी आपटली. "तिवरं मारतंस?"

"आये, कायद्यात कापायला बंदी हाय. आपून कुठं कापतो?" जयेश जेवता जेवता म्हणाला. "एक पान तोडलं असंल तर सांग. पानी बंद केलं का ती आपली आपन मरतान. मंग जागा मोकली."

"तुजं ताट काढून घेतलं तर तू पन आपला आपनच मरशील ना रे?"

जयेशने हसून आणखी कालवण मागितलं. कालवण चिंबोऱ्यांचं होतं. अर्थात, बाजारातून आणलेल्या.

कुणीतरी तक्रार केली आणि सरकारी साहेब पंचनाम्याला आले. अशा वेळी मालनच्या घरातल्या थोरल्याने पंच म्हणून सही करायची, ही कोळीवाड्याची जुनी रीत. सासऱ्यांनी केली, तेव्हा मिठागर गेलं. नवऱ्याने, सहदेवने केली, तेव्हा होड्या लावायची जागा गेली. दर वेळी शाल मात्र मिळाली. ठाण्याच्या उकाड्यात एवढ्या शाली बाळगणारं दुसरं घर नसेल. आता दोघेही नव्हते, थोरली मालनच.

साहेबांनी प्रत्येक खोड निरखून पाहिलं. "कुऱ्हाडीचा घाव नाही. झाडं नैसर्गिकरीत्या मृत. आजी, इथे सही."

शेजारी बिल्डरचा माणूस शाल घेऊन उभा होता.

"पानी कोनी अडवलं, ते लिवलं का?"

"त्याला रकाना नाही, आजी."

"मंग पाडा नवा. बांध माज्या पोराने घातला. जयेश सहदेव कोळी. डंपर तो उबा हाय. आदी त्याला धरा, मंग त्याला डंपर देनाऱ्याला."

"आये!" जयेश ओरडला.

शालवाला कळवळला. "मावशी, पोटच्या पोरावर?"

"तिवरं कुनाच्या पोटची नाय, म्हनून तर मारता ना?"

साहेबांनी घाईघाईने पेनाला टोपण लावलं.

मालनने हात पुढे करून ते काढलं.

"लिवा," ती म्हणाली, आणि बांधावर ठाण मांडून बसली.