माल परत घेतला जाणार नाही

माझा धाकटा भाऊ पाळक आहे. दर रविवारी तो व्यासपीठावरून बोलतो आणि मी मागच्या बाकावर बसून आज हा किती ताणणार याचा अंदाज घेते. त्याचं घर मीच चालवते, त्याचे झगे मीच धुते, त्यामुळे त्याच्या पावित्र्याचा माझ्यावर फारसा परिणाम होत नाही.

त्या रविवारी उपदेशाचा विषय होता दत्तकपणा. देवाने आपल्याला नोकर म्हणून ठेवलेलं नाही, लेकरं म्हणून दत्तक घेतलंय, तेही वारसाहक्कासकट, असं तो रंगात येऊन सांगत होता. मागच्या खोलीतलं बेसिन तुंबलं म्हणून बोलावलेला प्लंबर त्याच वेळी बेसिनखाली आडवा पडला होता आणि दार उघडं होतं. उपदेश संपायच्या आत तो कोपरापर्यंत काळे हात घेऊन भर सभेत येऊन उभा राहिला.

"ट्रायलवर, की कायमचं?" त्याने विचारलं.

भाऊ गडबडला. उपदेश इतक्या लक्ष देऊन ऐकणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. कायमचं, तो म्हणाला.

"आणि परत करायची सोय?"

"नाही."

"हं," प्लंबर म्हणाला. दुकानदाराने रंग जाणार नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक करतं, तसला हं.

मी त्याला जेवायला थांबवलं, तेव्हा सगळं कळलं. तो अनाथाश्रमात वाढलेला. त्याला दोनदा लोकांनी घरी नेलं आणि दोन्हीदा परत आणून सोडलं. पहिल्यांदा खोटं बोलतो म्हणून, दुसऱ्यांदा त्यांना स्वतःचं मूल झालं म्हणून. "परत करताना कपडे मात्र धुऊन, इस्त्री करून देतात, बाई," तो म्हणाला. बेसिनचा बिघाड समजावून सांगावा तशा आवाजात. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून मी त्याच्या पानात आणखी वाढलं.

त्याने रीतसर बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याच रविवारपासून आमच्या नाकी नऊ आणले. आला की थेट पहिल्या बाकावर, आमच्या खजिनदारांना खेटून बसायचा. ती जागा खजिनदारांच्या वडिलांपासून त्यांची होती, निदान ते तसं सांगत. प्रार्थना चालू असताना हा संत्रं सोलायचा. गाण्यात सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचा आणि सगळ्यांच्या नंतर थांबायचा. प्रभुभोजनाला त्याने द्राक्षरसाचे चार इवलेसे पेले एकापाठोपाठ एक रिकामे केले आणि वाढणाऱ्याला म्हणाला, माप जरा मोठं ठेवा. मोकळ्या प्रार्थनेत त्याने मोठ्याने देवाला विनंती केली, की बापा, शेजारच्या भाऊंना अत्तर कमी लावायची बुद्धी दे.

माझी हसून पुरेवाट झाली. खजिनदारांची झाली नाही.

मग त्यांच्या नातीच्या बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला. आमच्याकडे व्यासपीठासमोर जमिनीत एक हौद आहे, माणूस छातीपर्यंत उभा राहील एवढा. प्लंबरने सकाळी तो भरायला घेतला आणि नळाची चावी काढून खिशात टाकली. उपदेश मध्यावर आला तेव्हा हौद भरून वाहायला लागला. खजिनदारांना बूट चावतात, म्हणून ते उपदेशाला बूट काढून बसतात. त्यांचा एक बूट सगळ्यांच्या देखत दाराच्या दिशेने निघाला. पोरं बाकांवर चढली, नात रडायला लागली, आणि माझा भाऊ जीवनाच्या पाण्याबद्दल जे काही बोलत होता ते तसंच राहिलं.

प्लंबर उठून उभा राहिला आणि चावी वर धरली. "मी केलं," तो म्हणाला. "मुद्दाम." मग त्याने नळ बंद केला, कुणाकडे न बघता बाहेर गेला आणि पायरीवर जाऊन बसला.

पंचमंडळ तिथेच मागच्या खोलीत जमलं. मी चहाच्या निमित्ताने आत घुसले. खजिनदार अनवाणीच होते आणि एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होते, की सभासदांतून याचं नाव काढा. बाकीचे माना डोलवत होते. माझा भाऊ आयुष्यात कुणाला नाही म्हणालेला नाही. तो चष्मा पुसत म्हणाला, काही दिवस त्याला बाहेर ठेवू या, सुधारला तर बघू.

मी कपात चहा ओतत होते. खिडकीतून पायरी दिसत होती. प्लंबर पाठमोरा बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. एरवी त्याचा शर्ट बोळा करून फेकलेल्या फडक्यासारखा असायचा. आज मात्र पांढरा स्वच्छ होता. पाठीवर, बाह्यांवर इस्त्रीच्या कडक घड्या. हा सकाळी घरून निघतानाच परत जायची तयारी करून आला होता.

मी किटली आपटली.

"सुधारला तर बघू? याला ट्रायल म्हणतात. परत करायची सोय नाही, असं व्यासपीठावरून कोण म्हणालं होतं?"

"ताई, तू यात पडू नकोस," भाऊ म्हणाला.

खजिनदारांनी मला विचारलं, तुम्हाला तरी आवडतो का हो तो माणूस?

"अजिबात नाही," मी म्हणाले. "पण आवडायचा प्रश्न येतो कुठे? हा बसलाय ना समोर, हा मला आवडला होता का? आई याला दुपट्यात गुंडाळून घरी घेऊन आली, तेव्हाच मी सांगितलं होतं, हा नको, परत ठेवून ये. तिने ऐकलं नाही. रात्रभर रडायचा, माझी खेळणी मोडायचा, आता दर रविवारी माझं डोकं खातो. भाऊ आहे, काय करणार?"

भावाचे कान लाल झाले. त्याने चष्मा चढवला आणि मी त्याला कधी पाहिलं नव्हतं तसा सरळ बसला.

"नाव मी काढू शकत नाही, खजिनदार," तो म्हणाला. "ते मी घातलेलं नाही."

खजिनदारांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग त्यांनी चहाचा कप उचलला.

मी बाहेर गेले. मला पाहताच प्लंबर उठला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि पिशवी खांद्याला लावली. "निघतो, बाई," तो म्हणाला.

"निघतोस कुठे? आत तळं केलंयस ते कोण उपसणार, तुझा बाप?"

माझ्या तोंडून हे आपलं सवयीने गेलं. त्याने एकदा वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो कुठला येतोय," तो म्हणाला. "मलाच उपसावं लागणार."

तो आत गेला, गुडघ्यांवर बसला आणि बाकांखालचं पाणी ओढून बादलीत भरायला लागला. गढूळ पाणी त्याच्या छातीपर्यंत उडालं, इस्त्रीचं मातेरं झालं. मी दारात उभी राहून, कोपऱ्यात राहिलंय, तिकडे बघ, असा तोंडाचा पट्टा चालू ठेवला. खजिनदार आपला दुसरा बूट शोधत होते. तो प्लंबरलाच सापडला.

"ताई, कोरडं फडकं कुठे असतं?" त्याने आतून ओरडून विचारलं.

मला ताई म्हणायची परवानगी मी त्याला दिली नव्हती. धाकट्यानेही कधी मागितली नव्हती.