उलट्या ओठांची जाळी

भैय्याजीच्या पत्राला रामाजीनं उत्तर दिलं नाही, कारण 'नाही' हा शब्द त्याच्या हातून कधी कागदावर उतरला नव्हता. तोंडातून तर त्याहून नाही. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात ते पत्र आलं, कारखान्याच्या छापील कागदावर. दोघांनी नागपुरात जरीपटक्यातल्या एका शेडमध्ये अर्धं आयुष्य गाड्या उघडल्या होत्या. मग भैय्याजीनं कळमेश्वरला औद्योगिक वसाहतीत प्लॉट घेऊन कारखाना टाकला आणि रामाजी शेडमध्येच राहिला. पत्रात लिहिलं होतं, तुझी शर्यतीची जाळी आम्ही कारखान्यात काढतो म्हणतो, नाव तुझंच देऊ, हरकत असेल तर कळव. रामाजीनं घडी करून ते पान्यांच्या फळीवर ठेवलं. कळवलं नाही तर विषय आपोआप मरेल, असं त्याला वाटलं.

विषय मेला नाही. दुसऱ्या वर्षी पोळा सरल्यावर तो नत्थूच्या गाडीत बसून परत आला.

नत्थू दुसऱ्याच्या गाडीवर खाप्याहून नागपूरला सवाऱ्या आणायचा. त्या दिवशी त्यानं सवाऱ्या वाटेतच उतरवल्या आणि गाडी ढकलत शेडपर्यंत आणली.

"खालून ठोकून राहिली, रामाजीभाऊ. तेलाचा लाल दिवा लागला तो इझतच नाही."

रामाजीनं इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट सोडला. वापरलेलं तेल काळं निघायला हवं. हे निघालं राखाडी, फेसाळ, कुणी आजाऱ्यानं ओकावं तसं. फेसात पत्र्याचे कपचे चमकत होते. त्यानं चेंबर उतरवलं आणि वर पाहिलं. एका बोल्टाला फाटका पत्रा लोंबत होता. खालच्या अंगाला अजून पिवळा रंग होता आणि त्यावर 'वनस्पती तू' एवढी अक्षरं वाचता येत होती. वरच्या अंगावर ठसा होता: रामाजी रेस जाळी.

त्यानं चिंधीनं ठसा पुसून पुन्हा वाचला.

ही जाळी मूळ त्यानं कापसाच्या एका जिनिंगवाल्याच्या शर्यतीच्या गाडीसाठी केली होती. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरतो तो तेलाच्या अगदी वर. गाडी वेगात वळली की चेंबरमधलं तेल एका कुशीला पळतं आणि पंप नुसती हवा ओढतो. वर उसळलेलं तेल क्रँकला लपेटतं, रवीला ताक लपेटावं तसं, आणि घुसळून त्याचा फेस होतो. फेसावर बेरिंग जगत नाही. म्हणून रामाजीनं चेंबरमध्ये आडव्या भिंती घातल्या आणि क्रँकखाली जाड पत्र्याची जाळी बसवली. तिच्या प्रत्येक खाचेला हातोडीनं एक उचललेला ओठ काढला. क्रँकवरून उडून येणाऱ्या तेलाकडे ओठाचं तोंड हवं, म्हणजे तो तेल खरवडून घेतो आणि खाली सोडतो. जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीत ती गाडी पहिली आली. हार भैय्याजीच्या गळ्यात पडला, त्याचं रामाजीला काही वाटलं नव्हतं.

नत्थूच्या जाळीचे सगळे ओठ उलट्या बाजूला होते. नमुना कुणीतरी पालथा ठेवून कापला होता. तेल खाली उतरण्याऐवजी वरच घुसळत राहिलं, आणि डब्याचा तो पातळ पत्रा थरथरत वर जाऊन क्रँकला लागला. मग क्रँकनं तो कुरतडला आणि कपच्यांनी पंपाची चाळणी बुजली.

"तुमचं नाव पाहून बसवली," नत्थू म्हणाला. "दुकानदार म्हने, शर्यत जिंकलेला माल हाय. म्या म्हटलं, रामाजीभाऊचं नाव हाय तं डोये झाकून घ्यावं. आता मालकाले काय सांगू? माह्या साळ्यानंबी बसवली ना. तो काटोलच्या रस्त्यानं गाडी चालवून राहिला."

"त्याले थांबव," रामाजी म्हणाला. "आजच जा."

आणि स्वतः त्यानं तो फाटका पत्रा पिशवीत घातला आणि कळमेश्वरची एसटी पकडली.

कारखान्याच्या अंगणात तुपाच्या रिकाम्या डब्यांचा ढीग होता. हलवायांकडून उचललेले डबे. उन्हानं आतलं तूप वितळून खवट वास सुटला होता आणि ढिगावर गांधीलमाश्या भणभणत होत्या. दोन माणसं डबे कापून सपाट करत होती, तिसरा प्रेसखाली सारत होता. प्रेस दणका देई आणि रामाजीचं नाव उमटे. पुन्हा दणका, पुन्हा नाव.

भैय्याजी हसत बाहेर आला. "अरे, रामाजी. वाट चुकला का गा?"

आत ऑफिसात रामाजीनं पत्रा टेबलावर ठेवला. भैय्याजीनं खाली वर्तमानपत्र सरकवलं, काच खराब होऊ नये म्हणून.

"ओठ उलटे हायेत," रामाजी म्हणाला.

"कोनाचे, वहिनीचे?"

"जाळीचे."

"मंग? सवारी गाडी कोन्त्या शर्यतीत पळते? उलटे काय अन् सुलटे काय. आत कोन पायते?"

"पत्रा डब्याचा हाय."

"तं का चांदीचा लावू? धुवून घेतो ना." भैय्याजीनं खुर्ची जवळ ओढली. "अन् म्या तुले पत्र धाडलं होतं का नाही? हरकत असन तं कळव, म्हटलं. तू चुप. आमी पोरगी पाहाले जातो, ते का तोंडानं हो म्हनते? मान खाली घालते. चार लोकं तेच हो समजतेत. घे, चिवडा खा."

रामाजीच्या हातात बशी आली. चिवड्यालाही तोच वास येतोय असं त्याला वाटलं. सगळं सांगायचं म्हणून तो वाटभर वाक्यं जुळवत आला होता. ती त्या तेलासारखी आतच घुसळत राहिली. "पायतो मी," एवढंच तो म्हणाला, बशी खाली ठेवली, पत्रा पुन्हा पिशवीत घातला आणि उठला. भैय्याजीची त्याला किळस आली होतीच. फाटकापर्यंत येईतो स्वतःच्या जिभेची त्याहून जास्त आली. स्टँडवरच्या नळाखाली त्यानं मातीनं हात घासले. वास गेला नाही.

घरी जयवंतानं, त्याच्या बायकोनं, पाण्याचा गडू पुढे केला. "काय म्हनले भैय्याजी?"

"चिवडा देला."

"अन् तुमी काय देलं?"

रामाजीनं गडू तोंडाला लावला.

"अवो, तोंडानं नाही जमत तं लिहा. कागदाच्या मधात कोनी बोलत नाही."

त्यानं अंतर्देशीय घेतलं. सादर नमस्कार झाला, घरची ख्यालीखुशाली झाली, 'राग मानू नये' झालं, आणि पान भरलं तरी जाळी आलीच नाही. वाचून त्याला पुन्हा तो खवट वास आला. त्यानं ते फाडलं. शिवाय बंद पत्र भैय्याजी एकटा वाचेल आणि खणात टाकेल. मग त्यानं साधं कार्ड घेतलं. कार्ड पोस्टमन वाचतो, फाटकावरचा माणूस वाचतो, कारकून वाचतो, प्रेसवालाही वाचतो. पाटीवर काढावीत तशी मोठी अक्षरं त्यानं काढली:

'भैय्याजी, हरकत आहे. तुझी जाळी उलटी आहे आणि पत्रा डब्याचा आहे. तिनं नत्थूचं इंजिन खाल्लं. माझं नाव काढ. विकलेल्या जाळ्या परत घे. माझ्याकडे जी येईल ती मी काढून शेडच्या दाराला टांगीन. पहिली टांगली आहे. रामाजी.'

लिहिल्यावर ते खरं करणं भाग होतं. सकाळी त्यानं फाटका पत्रा तारेनं दाराला बांधला, नत्थूच्या इंजिनाचा क्रँक उतरवून ठेवला आणि चौकातल्या पेटीपाशी गेला. त्यानं कार्ड आत सोडलं. घरी परतायचं त्याला सुचेना. तेवढ्यात पोस्टमन आला, त्यानं पेटी उघडली, आणि थैलीत टाकता टाकता वरचं कार्ड सवयीनं वाचलं.

"रामाजीभाऊ," तो म्हणाला, "जाळी उलटी म्हंजे कशी?"

रामाजीनं दोन्ही तळहात उचलून दाखवले, क्रँक असा फिरतो, आणि सांगू लागला.