नूरवरचं टिंब

शाई उगाळण्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सहाणेवर चंदन फिरावं तसा संथ, ओलसर. पुण्याहून दूर, परदेशात, पुंगोलच्या आमच्या इमारतीत, सकाळचं कोवळं ऊन खिडकीच्या गजांतून कागदावर उतरत असताना, शेजारचे युसुफ अंकल दगडावर शाईची कांडी फिरवत बसलेले असत. चिनी मुसलमान घराण्यातले हे शिडशिडीत आजोबा चिनी कुंचल्याने अरबी अक्षरं लिहीत, उजवीकडून डावीकडे, एकेका श्वासात एकेक रेघ. उमटलेल्या रेघेला पुन्हा हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक.

मी त्यांची पुणेरी शिष्या. पहिल्याच दिवशी शब्द लिहून झाल्यावर मी सवयीने वरून झोकात शिरोरेघ ओढली. अंकल इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पुढे आजारपण आलं आणि त्यांचा हात कापू लागला. त्यातच नातीचं, नूरचं लग्न तोंडावर आलं. नूर म्हणजे प्रकाश. तो शब्द स्वतःच्या हाताने लिहून तिला द्यायचा, हा त्यांचा हट्ट. घरच्यांनी छापून घ्यायचं सुचवलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि कांडी पुन्हा दगडावर फिरवायला घेतली. त्यांच्या वडिलांनी जपलेल्या जुन्या कागदांतला एकच उरला होता.

त्या सकाळी ते उभे राहिले आणि खांद्यापासून सबंध हात त्यांनी झोकून दिला. कुंचला धावला, वळला, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी विरत विरत कागदाच्या काठापर्यंत गेली. कंपाचा कुठे मागमूस नव्हता. मला नाचावंसं वाटलं.

राहिलं पहिल्या अक्षरावरचं टिंब. त्यावाचून तो शब्द नूर होईना. मोठ्या फेकीला साथ देणारा हात एवढ्याशा टिंबापाशी मात्र थरथरू लागला. कुंचल्याच्या टोकाशी थेंब जमू लागला. अंकलनी कुंचला माझ्या हाती दिला.

"यू डू इट. ओन्ली डॉट, ओके? नो लाइन ऑन टॉप, लाह."

हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीच्या कपाळी बोट टेकावं, तसा मी कुंचला टेकला. शाई कागदात उमलली आणि थांबली. अंकलनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

आता अंकल नाहीत. जवळच्याच सेंगकांगला नूरच्या घरी गेले, की भिंतीवरच्या त्या चौकटीत मी आधी त्यांची धावती शेपटी बघते, मग माझं टिंब. काळ माणसाला नेतो. पण जाण्याआधी त्या माणसाने आपला कुंचला कुणाच्या हाती दिला होता, ते काळालाही पुसता येत नाही.